'आले का दादा?' : पॅटर्न कॅटलॉगचं खालचं अर्धं पान

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. प्रवासात ऐकताना नावं आणि सालं निसटतात असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून ती इथे नीट लिहिली आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.



एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. किराणा दुकान. तुम्ही क्यूआर स्कॅन केला, २४० रुपये टाकले, पिन दिला, आणि ते गोल गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मागे चार माणसं उभी. शेवटी स्क्रीनवर येतं, पेमेंट पेंडिंग. आता? परत पाठवायचे? आधीचे गेले असतील तर? अशा वेळी आपण सगळे एकच गोष्ट करतो. मान वर करून विचारतो, "आले का दादा?" दादा त्या स्पीकरच्या डब्याकडे बघतो. डबा बोलला तर सुटलो. नाही बोलला तर दोन मिनिटं थांबतो, बँकेचा मेसेज बघतो. पण लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही.

हे "आले का" विचारणं मी एकदा कोडमध्ये लिहायला विसरलो होतो. आजचा भाग त्याबद्दल आहे. म्हणजे खरं तर पॅटर्न कॅटलॉगबद्दल आहे, पण माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात.

बीटेक झाल्यावरची माझी दुसरी नोकरी, पुण्यात. कंपनीचं नाव घेत नाही. लांबच्या खासगी बसची तिकिटं विकायचो. आम्ही नऊ डेव्हलपर. आधी सगळं एकच मोठं ॲप्लिकेशन होतं: सीट, बुकिंग, पेमेंट, मेसेज, सगळं एकाच पोटात. मग ठरलं की त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळी सर्व्हिस. सीटची वेगळी, पेमेंटची वेगळी, ज्याचा त्याचा डेटाबेस. असं का करतात? एक तुकडा बदलला तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही, वेगवेगळ्या टीम आपापल्या गतीने काम करतात, गर्दीच्या दिवशी फक्त सीटची सर्व्हिस वाढवता येते. कारणं बरोबर होती.

पण तुकडे केले की एक गोष्ट गुपचूप बदलते. आधी एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनला हाक मारायचं. एक तर काम व्हायचं, नाहीतर एरर यायचा. आता तीच हाक नेटवर्कवरून जाते, आणि तिसरं उत्तर तयार होतं: माहीत नाही. काम झालं असेल, नसेल, किंवा काम झालं पण 'झालं' हा निरोप वाटेत हरवला असेल. वरचा किराणा दुकानातला प्रसंग तोच.

आमचं पेमेंट अधूनमधून अडकायचं, टाइमआउट यायचा. लीडने मला सांगितलं, बघ रे जरा. मी कॅटलॉग उघडला. मायक्रोसॉफ्टचा क्लाउड पॅटर्नचा कॅटलॉग आहे, ॲझुरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, फुकट. त्यात सापडलं: रिट्राय पॅटर्न. म्हणजे थोड्या वेळासाठी आलेली अडचण असेल तर जरा थांबून पुन्हा प्रयत्न करा. मी म्हटलं, हेच तर हवंय! आकृती बघितली, कोड बघितला, पाच सेकंदांचा टाइमआउट आणि तीन प्रयत्न लावले. प्रॉडक्शनवर टाकलं. एरर कमी झाले, लीडने चहा पाजला.

दीड महिन्याने गणपती आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट मिळणं म्हणजे नशीब. शुक्रवार संध्याकाळ, सगळे एकदम बुकिंग करतायत, पेमेंट गेटवे हळू झाला. बंद नाही पडला, हळू झाला. पाच सेकंदांत द्यायचं उत्तर तो सात-आठ सेकंदांनी द्यायला लागला. म्हणजे तो पैसे घेत होता, फक्त उशिरा सांगत होता. आमचा कोड पाचव्या सेकंदाला म्हणायचा, नाही झालं वाटतं, पुन्हा पाठव. तो ते पण घ्यायचा. मग तिसऱ्यांदा.

रात्री नऊच्या सुमारास सपोर्टवाल्या मुलीने मला हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक बाई होत्या. चिपळूणची दोन तिकिटं, १,८०० रुपये. खात्यातून ५,४०० गेले होते. त्या चिडल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "ताई, घरी न्यायला ठेवलेले होते हो ते. आता सामान कशातून घेऊ?" सपोर्टवाली मुलगी म्हणाली की पाच ते सात कामाच्या दिवसांत परत येतील. गणपती चार दिवसांवर होता.

सकाळपर्यंत यादी शंभराच्या पुढे गेली.

सोमवारी मी ते रिट्रायचं पान परत उघडलं. यावेळी खालपर्यंत गेलो. खाली एक भाग आहे, अडचणी आणि विचारात घ्यायच्या गोष्टींचा. त्यात साफ लिहिलंय: हे काम दोनदा केलं तर चालतं का, ते आधी बघा, चालत नसेल तर पुन्हा प्रयत्न केल्याने तेच काम एकाहून जास्त वेळा होऊ शकतं आणि नको ते परिणाम होतील. त्याच पानावर. मी तिथपर्यंत स्क्रोलच केलं नव्हतं. आकृती वर होती ना!

तर आता कॅटलॉग म्हणजे काय ते नीट बघू. कारण बहुतेकांना, मलाही तेव्हा, वाटतं की कॅटलॉग म्हणजे तयार उत्तरांची यादी. मेन्यूकार्ड. बघा, निवडा, मागवा.

हा शब्द आला बांधकामातून. ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाचे आर्किटेक्ट होते, कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवायचे. १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' हे पुस्तक काढलं. त्यात २५३ पॅटर्न. सुरुवात प्रदेश आणि शहरापासून, मग वस्ती, मग घर, मग खोली, आणि शेवटी खुर्च्या आणि भिंतीवर लावायच्या वस्तूंपर्यंत. त्यातला १६७ नंबरचा मला फार आवडतो: सहा फुटी बाल्कनी. त्यांचं म्हणणं, सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी माणसं वापरतच नाहीत, कारण तिथे दोन-चार जणांना टेबल ठेवून निवांत बसता येत नाही. आता पुण्यातली कुठलीही नवी सोसायटी खालून बघा. चार फुटी बाल्कनी, त्यात वॉशिंग मशीन, कपड्यांचा स्टँड आणि वाळलेली तुळस.

त्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे जी सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलायला हवी होती आणि बहुतेकांनी नाही उचलली. पॅटर्नच्या नावापुढे तारे असतात. दोन तारे म्हणजे लेखकांना खात्री आहे. एक तारा म्हणजे बऱ्यापैकी जमलंय, पण अजून सुधारता येईल. तारा नाही म्हणजे हा एक मार्ग आहे, दुसरेही असतील. आपल्या क्षेत्रातल्या कॅटलॉगमध्ये सगळं एकाच आत्मविश्वासाने छापलेलं असतं. रोज लाखो ठिकाणी चालणारा पॅटर्न आणि कुणीतरी दोन प्रोजेक्टमध्ये करून बघितलेला पॅटर्न, दोन्हीची आकृती तितकीच चकचकीत.

सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना १९८७ मध्ये आली. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी ऊप्सला नावाच्या परिषदेत अलेक्झांडर यांची पद्धत प्रोग्रामिंगला लावून दाखवली. मग १९९४ मध्ये चार लेखकांचं 'डिझाइन पॅटर्न्स' आलं, २३ पॅटर्नचं. कॉलेजमध्ये आपल्याला तेवढंच शिकवतात, सिंगलटनवर पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि विषय संपतो. पण ते पॅटर्न एका प्रोग्रामच्या आतले. सर्व्हिस एकमेकींशी बोलायला लागल्या की दुसरी पुस्तकं लागतात. ग्रेगॉर होपे आणि बॉबी वुल्फ यांचं 'एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स', २००३ चं, ६५ पॅटर्न, सगळे निरोपांच्या देवाणघेवाणीबद्दल. मायकल नायगार्ड यांचं 'रिलीज इट', २००७ चं, प्रॉडक्शनमध्ये सिस्टीम कशा कोसळतात त्याबद्दल. थॉमस अर्ल यांचं 'एसओए डिझाइन पॅटर्न्स', आणि २०१८ मध्ये ख्रिस रिचर्डसन यांचं 'मायक्रोसर्व्हिसेस पॅटर्न्स', ४४ पॅटर्न. रिचर्डसन यांच्या साइटवर बराचसा कॅटलॉग फुकट वाचता येतो. मोबाइलवर पण नीट दिसतो, बसमध्ये वाचण्यासारखा आहे. अर्ल यांचं पुस्तक मी पूर्ण वाचलेलं नाही, मला ते जड गेलं. होपे-वुल्फ मात्र वीस वर्षांनंतरही शिळं झालेलं नाही.

नीट लिहिलेल्या पॅटर्नमध्ये काय असतं? आधी नाव. मग परिस्थिती, म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात. मग अडचण. मग ओढाताण, इंग्रजीत याला फोर्सेस म्हणतात: कुठल्या दोन-तीन गोष्टी तुम्हाला वेगवेगळ्या दिशांना खेचतायत. मग तोडगा. मग तोडग्यानंतर काय होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही. आणि शेवटी नातेवाईक, म्हणजे याच्याशी जोडलेले बाकीचे पॅटर्न. आपण वाचतो नाव आणि तोडगा. बाकीचं सगळं गाळतो. आणि माझा अनुभव असा की कॅटलॉगचा पैसा वसूल होतो तो त्या गाळलेल्या भागात. तोडगा तर चार ओळींत कुणीही सांगेल, यूट्यूबवर दहा मिनिटांत कळतो.

परत आमच्या पेमेंटकडे. रिट्रायच्या ओढाताणीत एक शब्द होता: आयडेम्पोटंट. उच्चाराला घाबरू नका. लिफ्टचं बटण दहा वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते. ते आयडेम्पोटंट. टपरीवर "एक कटिंग" तीनदा ओरडलात तर तीन कटिंग येतील. ते नाही. आमचं पेमेंट कटिंगसारखं होतं आणि मी ते लिफ्टचं बटण समजून दाबत बसलो होतो.

मग त्याला लिफ्टचं बटण कसं बनवायचं? होपे आणि वुल्फ यांच्या पुस्तकात त्याला आयडेम्पोटंट रिसीव्हर म्हणतात: घेणाऱ्याने तोच निरोप दुसऱ्यांदा आला हे ओळखायचं. रोजच्या व्यवहारात याला किल्ली वापरतात. गिऱ्हाइकाने 'पैसे भरा' दाबलं की एक नंबर तयार करायचा, जो दुसऱ्या कुठल्याही खरेदीचा नसेल. तो प्रत्येक प्रयत्नासोबत पाठवायचा. पलीकडच्याने तो नंबर आधी बघितला असेल तर पैसे पुन्हा घ्यायचे नाहीत, जुनंच उत्तर परत द्यायचं. आमच्या गेटवेत ही सोय पहिल्यापासून होती. आम्ही वापरत नव्हतो.

आता गंमत ऐका. आम्ही किल्ली लावली, टेस्ट केलं, आणि तरीही पैसे दोनदा कापले गेले. का? कारण मी नंबर तयार करायची ओळ रिट्रायच्या लूपच्या आत लिहिली होती. दर प्रयत्नाला नवी किल्ली! सुदैवाने हे टेस्टिंगमध्येच सापडलं. लीड काही बोलली नाही, तिने फक्त ती ओळ दोन ओळी वर सरकवली आणि माझ्याकडे बघितलं. दुसरा खड्डा आमच्या बाजूच्या नोंदीत होता. 'हा नंबर डेटाबेसमध्ये आहे का बघ, नसेल तर टाक' असं लिहिलं की दोन विनंत्या एकाच क्षणी आल्यावर दोघींनाही 'नाही' असंच दिसतं. त्यामुळे बघणं आणि टाकणं वेगळं ठेवायचं नाही. त्या कॉलमवर युनिक बंधन घालायचं आणि डेटाबेसलाच भांडण सोडवू द्यायचं.

आणि "आले का दादा"? ते पण लावलं. टाइमआउट आला की आधी गेटवेला विचारायचं, या किल्लीच्या पेमेंटचं काय झालं? आणि गिऱ्हाइकाला खोटं 'फेल' दाखवायचं नाही. 'तपासतोय, पुन्हा पैसे भरू नका' असं दाखवायचं. तुमच्या यूपीआय ॲपवर पेंडिंग दिसतं तेव्हा चिडू नका, ते ॲप निदान प्रामाणिक आहे.

इथे मला कळलं की पॅटर्न एकेकटे राहत नाहीत. रिट्राय लावला की आयडेम्पोटंट रिसीव्हर लागतो. आणि रिट्राय लावला की आणखी एक संकट येतं. हिशोब करून बघा: मोबाइल ॲप तीनदा प्रयत्न करतं, त्या प्रत्येकासाठी बुकिंग सर्व्हिस तीनदा, त्या प्रत्येकासाठी पेमेंट सर्व्हिस तीनदा. तीन गुणिले तीन गुणिले तीन. एका माणसाने एकदा दाबलेल्या बटणाचे गेटवेवर २७ कॉल. जो आधीच दमलाय त्याला आपण २७ वेळा हलवून विचारतोय, बरा आहेस ना?

यावरचा नातेवाईक म्हणजे सर्किट ब्रेकर. नायगार्ड यांच्या पुस्तकामुळे हा घरोघरी पोचला, आणि नंतर नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये हिस्ट्रिक्स नावाची लायब्ररी खुली केली तेव्हा आणखीच. घरातला एमसीबी माहीत आहे ना? लोड जास्त झाला की खटका पडतो, वायर वाचते. तसंच. समोरची सर्व्हिस सतत नापास होतेय असं दिसलं की खटका पाडायचा, काही वेळ तिला हाक मारायचीच नाही, गिऱ्हाइकाला लगेच सांगायचं की आत्ता पेमेंट होत नाहीये. घरचा खटका आपण स्टुलावर चढून वर करतो. सॉफ्टवेअरमध्ये तो काही वेळाने स्वतःच अर्धा उघडतो, एखादीच विनंती सोडून बघतो, जमलं तर पूर्ववत. आता मराठी माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. ब्रेकर 'क्लोज्ड' म्हणजे सगळं चालू, 'ओपन' म्हणजे सगळं बंद. आपण लाइट बंद कर म्हणतो, त्याच्या बरोबर उलटं. मी पहिला आठवडा डॅशबोर्डवर 'ओपन' बघून खूश होत होतो.

आता खरी अवघड गोष्ट. सीट एका डेटाबेसमध्ये, पैसे दुसरीकडे. एकाच डेटाबेसमध्ये असताना एक ट्रान्झॅक्शन होतं: दोन्ही होतील किंवा दोन्ही नाही होणार. आता ते सुख गेलं. पैसे गेले आणि सीट मिळाली नाही, असं होऊ शकतं. यावर कॅटलॉगमध्ये सागा आहे. कल्पना जुनी आहे, १९८७ ची, प्रिन्स्टनच्या हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांची. मोठं काम लहान लहान टप्प्यांत करायचं, आणि मध्ये काही बिघडलं तर झालेल्या टप्प्यांची भरपाई करणारी उलटी कामं करायची.

पण भरपाई म्हणजे 'अनडू' नाही हं. त्या चिपळूणच्या बाईंना रिफंड मिळाला, पूर्ण मिळाला. पण तो मिळेपर्यंत विसर्जन झालं होतं. रिचर्डसन यांच्या पुस्तकात या ओढाताणीवर चांगलं लिहिलंय: टप्प्यांचा क्रम लावताना एक टप्पा असा ओळखा ज्यानंतर मागे फिरायचं नाही. त्याच्या आधी फक्त अशी कामं ठेवा जी उलटवता येतात, आणि त्याच्या नंतर फक्त अशी, जी पुन्हा पुन्हा केली की शेवटी होतातच. आमच्याकडे आधी पैसे घेऊन मग सीट बघायचो. क्रम उलटा केला. आधी सीट 'होल्ड'वर, मग पैसे, मग सीट पक्की आणि मेसेज. होल्डवरची सीट सोडून देणं फुकट असतं, घेतलेले पैसे परत करणं फुकट नसतं. कोडमधल्या दोन ओळींची अदलाबदल वाटते, पण रिफंडची यादी खरी त्याने आटली.

होपे यांचा २००४ चा एक लेख आहे, स्टारबक्सवर. त्यांचं निरीक्षण असं की कॉफीवाला पैसे घेतो, कपावर खूण करतो आणि पुढचं गिऱ्हाईक घेतो. कॉफी मागून बनत राहते, कधी मागेपुढे होते. कपावरची खूण म्हणजे कोरिलेशन आयडेंटिफायर. चुकीची कॉफी बनली तर पुन्हा बनवतात, मशीन बिघडलं तर पैसे परत देतात. एकेका गिऱ्हाइकाला कॉफी हातात देईपर्यंत काउंटर अडवून ठेवत नाहीत. तुम्ही स्टारबक्समध्ये जात नसाल तर कुठल्याही गर्दीच्या डोसा सेंटरवर उभे राहा. टोकन नंबर ४७, हातात कागद, गल्ल्यावरचा माणूस पुढच्याशी बोलतोय. तुम्ही सागाच्या मधोमध उभे आहात.

एक पॅटर्न पटकन सांगतो, कारण तो आम्हाला सर्वात उशिरा कळला. बुकिंग डेटाबेसमध्ये लिहिलं आणि मग 'बुकिंग झालं' असा निरोप पाठवला. या दोन कामांच्या मध्ये सर्व्हर पडला तर? तिकीट आहे, मेसेज नाही. तोडगा म्हणजे आउटबॉक्स: निरोप पण त्याच डेटाबेसच्या एका टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहून ठेवायचा, आणि दुसऱ्या एका प्रोसेसने तिथून उचलून पाठवायचा. आणि पान खालपर्यंत वाचलंत तर दिसेल, ती प्रोसेस तोच निरोप कधीकधी दोनदा पाठवणार. मग घेणारा कसा हवा? बरोबर, आयडेम्पोटंट. फिरून तिथेच आलो. अलेक्झांडर यांनी पुस्तकाच्या नावात 'लँग्वेज' का म्हटलं ते मला इथे समजलं. त्यांच्या प्रत्येक पॅटर्नच्या सुरुवातीला वरचे मोठे पॅटर्न आणि शेवटी खालचे लहान पॅटर्न दिलेले असतात. सुटे शब्द पाठ करून बोलता येत नाही, तसंच आहे.

बरं, याची दुसरी बाजू. माझ्या कॉलेजचा एक ज्युनिअर आहे. त्याने हॉस्टेलच्या मेससाठी हजेरीचं ॲप केलं. सहा मायक्रोसर्व्हिस, मध्ये काफ्का, इव्हेंट सोर्सिंग, सागा. मेसमध्ये जेवायला मुलं किती? एकशे ऐंशी. मी म्हटलं, "अरे, एक एसक्यूलाइट फाइल पुरली असती." तो म्हणाला, "दादा, इंटरव्ह्यूला विचारतात ना." यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण खरंच विचारतात. पण रिचर्डसन यांच्या कॅटलॉगमध्ये मोनोलिथ, म्हणजे सगळं एकाच पोटात, हा पण एक रीतसर पॅटर्न आहे, त्याच्या फायद्या-तोट्यांसकट. मार्टिन फाउलर यांनी २०१५ मध्ये लिहिलंय की आधी मोनोलिथच करा. आणि तुकडे करायची वेळ आलीच तर एकदम करू नका, त्यासाठी त्यांचाच २००४ चा स्ट्रँगलर फिग आहे. दुसऱ्या झाडावर वडाचं रोप रुजतं, मुळं हळूहळू खाली सोडतं आणि काही वर्षांनी फक्त वड उरतो, तसं. फाउलर यांना तो ऑस्ट्रेलियातली झाडं बघून सुचला, आपल्याला गावाबाहेर बघायला मिळतो.

मी आता कॅटलॉग कसा वापरतो, तेवढं सांगतो. उघडायच्या आधी अडचण एका वाक्यात साध्या मराठीत लिहितो, पॅटर्नचं नाव न घेता. 'गेटवे उशिरा उत्तर देतो तेव्हा पैसे गेले की नाही हे आपल्याला कळत नाही.' हे वाक्य मी तेव्हा लिहिलं असतं तर रिट्रायकडे गेलोच नसतो, कारण त्यात 'पुन्हा कर' कुठेच नाही, 'कळत नाही' आहे. मग दोन-तीन पॅटर्न उघडतो आणि खालून वर वाचतो: नातेवाईक, मग तोटे, मग ओढाताण. आपली ओढाताण तिथे दिसली नाही तर पान बंद. आणि निवडला तर एक लहान नोंद लिहितो: परिस्थिती काय, काय ठरवलं, काय सहन करावं लागेल. ही पद्धत पण नायगार्ड यांचीच, २०११ ची, एका पानाची नोंद, कोडच्या शेजारी ठेवायची. आमच्या त्या रिट्रायच्या कमिटमध्ये मी फक्त 'फिक्स टाइमआउट' लिहिलं होतं. दीड महिन्याने रात्री दहा वाजता ते वाचून कुणाला काय कळणार?

पुढच्या वर्षी गणपतीत गेटवे परत अडकला. मी ऑफिसातच बसून होतो, घरी जायची हिंमत नव्हती. साडेआठला ब्रेकर 'ओपन' झाला, यावेळी मला अर्थ माहीत होता. वीस-बावीस मिनिटं लोकांना 'थोड्या वेळाने प्रयत्न करा, तुमची सीट राखून ठेवली आहे' असं दिसत होतं. काहींनी शिव्या दिल्या, ट्विटरवर पण दिल्या. पैसे कुणाचे दोनदा गेले नाहीत. मेसेज मात्र बऱ्याच जणांना दोनदा गेला, 'तुमचं तिकीट पक्कं झालं आहे', कारण मेसेजच्या सर्व्हिसला आम्ही किल्ली लावलीच नव्हती. एका काकांनी फोन करून विचारलं, दोन मेसेज आलेत, म्हणजे दोन सीट का? सपोर्टवाली मुलगी म्हणाली, "नाही काका, एकच."

पुढच्या भागात सागा मध्येच अडकला तर काय करायचं ते बघू. तोवर तुमच्याकडे असा पैसे दोनदा गेल्याचा किस्सा असेल, कापणाऱ्या बाजूचा किंवा कापले गेलेल्या बाजूचा, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू.